बायांचं ऐकणारं यंत्र

कांदा पिकवणाऱ्या सगुणाबाई बोरस्तेंचं ऐकत नाही असा व्यापारी लासलगावात नव्हता. यंत्र मात्र तसं निघालं. २००७ साली एका कंपनीनं फोनवर कांद्याचा भाव सांगणारं यंत्र आणलं. बाजाराचं नाव बोललं की ते भाव सांगायचं, पण पुरुषांनाच. सगुणाबाईंना दर वेळी, "पुन्हा बोला."

त्या तडक कंपनीच्या इंदिरानगरच्या ऑफिसात गेल्या.

"मावशी, जाडा आवाज काढा," इंजिनिअर म्हणाला. "यंत्र पुरुषांच्या आवाजावर शिकलंय."

"मंग बायांच्या आवाजावर शिकव! मी काय म्हणून घसा खरवडू?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कांदा निवडणाऱ्या बायांनी भरलेला टेम्पो ऑफिससमोर आणला आणि सगळ्यांचे आवाज भरून घ्यायला लावले.

महिन्याभरात यंत्रानं त्यांना पहिल्या झटक्यात भाव सांगितला. सर्दीनं घसा बसलेल्या इंजिनिअरला मात्र ते म्हणालं, "पुन्हा बोला."

"काढ बाबा, आता तू बारीक आवाज," सगुणाबाई म्हणाल्या.