दार सोडायचं नाही

त्या मंगळवारी दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि खालून, अपघात विभागातून फोन आला. मंदाबाई बोलत होत्या, विभागातल्या जुन्या मदतनीस. "सर, शोभा सिस्टर आल्या," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पेशंट म्हणून आल्या." जिना कसा उतरलो ते आठवत नाही. सुटीवर इंझोरीला घरी होत्या त्या, छातीत कळ आली म्हणून यजमानांनी गाडीत घालून आणलं होतं. चेहरा घामाने थबथबलेला. मला पाहून काहीतरी सांगायला गेल्या... ते ओठांतच राहिलं. करता येण्यासारखं सगळं आम्ही केलं. शेवटी हात थांबले तेव्हा घड्याळ पाहून मृत्यूची वेळ सांगायची असते, ती माझ्या तोंडून निघेना. शेजारच्या डॉक्टरने सांगितली.

त्याला आता सहा आठवडे झाले. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या त्या रुग्णालयात नऊ वर्षं आम्ही एकत्र काढली. त्या अपघात विभागाच्या इन्चार्ज सिस्टर, मी तिथला वैद्यकीय अधिकारी. पहिलं वर्षभर आमचं अजिबात पटलं नाही. त्या वर्षातली एक सकाळ मात्र दोघांनाही विसरता आली नाही. जऊळक्याचे एक किराणा दुकानदार छातीवर हात दाबून आले. आधी केस पेपर काढा म्हणून त्यांना खिडकीवर पाठवलं गेलं, तिथे रांग. मग ते माझ्यापुढे आले. मी ईसीजी सांगितला, तर मशीन वरच्या मजल्यावर, खोलीला कुलूप, आणि किल्लीवाले चहाला गेलेले. मशीन खाली येईपर्यंत माणूस गेला. त्यांची बायको हातातला कागद पुढे करून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "पेपर तं काढला जी आमी..."

चूक शोधायला गेलं तर कुणाचीच नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम नेमानं केलं होतं. सिस्टरांना नेमकं तेच सलत राहिलं. पुढे कुठल्याशा प्रशिक्षणाला त्या गेल्या आणि 'लीन' नावाची पद्धत शिकून आल्या. मोटारींच्या कारखान्यांत रुजलेली ही रीत. रुग्ण दारातून आत आल्यापासून कुठे थांबतो, कुठे फिरतो, कुणाची वाट पाहतो ते त्याच्या मागे चालून बघायचं, आणि त्यातला फुकट जाणारा वेळ काढून टाकायचा. ड्यूटी संपल्यावर त्या वही आणि घड्याळ घेऊन रुग्णांमागे हिंडू लागल्या. मला ती हेरगिरी वाटली.

"माझ्यामागे घड्याळ घेऊन फिरू नका," एकदा मी चिडून म्हणालो.

"तुमच्यामागं नाही सर, पेशंटमागं फिरून राह्यली मी. तुमी मधात येता."

केस पेपरच्या खिडकीवरच्या बाबूंनीही टोमणा मारून घेतला, "लीन म्हंजे काय सिस्टर, आता सगळ्याईनं हात जोडून उभं राहाचं काय?" सिस्टरांनी वहीतून मान वर न करता उत्तर दिलं, "पेशंटले हात जोडून उभं राहा लागू नये, म्हणून हाये हे."

ईसीजीचं मशीन दाराशी आलं. हरवलं तर जबाबदारी माझी, असं सिस्टरांनी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना लिहून दिलं, तेव्हा कुठे ते कुलपाबाहेर निघालं. छातीत दुखतं म्हणणाऱ्याचा आधी ईसीजी, पेपर मागाहून. आणि एक नियम त्यांनी कुणाचं न ऐकता घातला : आत काहीही चाललेलं असो, एका सिस्टरने दार सोडायचं नाही.

या नियमावरून आमचं जोरात वाजलं. जीप उलटून नऊ जखमी एकदम आले होते. रक्त, आरडाओरडा, नातेवाइकांची रेटारेटी, आम्हाला हात कमी पडत होते, आणि सिस्टर दारात उभ्या. "आत या," मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "दार सोडता येत नाही सर." मी म्हणालो, ही वेळ नियम सांगायची नाही. त्या हलल्या नाहीत. यांची लेखी तक्रार करायची, हे मी त्याच क्षणी ठरवलं. थोड्या वेळाने त्यांनी ईसीजीची एक पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली. जखमींपैकी एकाला भेटायला आलेले आजोबा बाकावर गप्प बसले होते, त्यांना फुटलेला घाम सिस्टरांना उन्हाचा वाटला नव्हता. पट्टीवर हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. आजोबा वाचले. तक्रार मी लिहिली नाही. माफीही मागितली नाही... ते राहून गेलं.

दर सोमवारी सकाळी आमची दहा मिनिटांची बैठक होते, उभ्याउभ्याच. गेल्या आठवड्यातला एक रुग्ण घ्यायचा, त्याचा वेळ कुठे गेला ते बोलायचं, आणि नाव कुणाचं घ्यायचं नाही. ही सवय सिस्टरांनीच लावलेली. त्या गेल्यानंतरच्या सोमवारी सगळे फळ्यापुढे जमले, पण सुरुवात कोण करणार? शेवटी मीच सिस्टरांचा कागद काढला. दारातून ईसीजी, ईसीजीवरून इंजेक्शन, सगळं वेळेत. "कुठेच उशीर झालेला नाही," मी म्हणालो, आणि कागद मिटायला घेतला.

"एक सांगू काय सर?" मंदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "धनजची एक म्हातारी आली होती तवा, दम लागून. दारात कोणीच नव्हतं. मी तिले खुर्चीवर बसवलं. पण बलवू कोणाले? तुमी सगळे तं सिस्टरपाशी." भिंतीपासून पुढे येत त्या म्हणाल्या, "ते म्हातारी बरी होऊन घरी गेली. पण सिस्टर उठून बसत्या, तं पह्यले हेच बोलत्या. सगळे माह्यापाशी कायले आले म्हणून."

त्या दिवशी दाराची ड्यूटी असलेली सिस्टर खाली मान घालून रडू लागली. तिला त्या दुपारी दारातून आत कुणी बोलावलं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "तिची चूक नाही. तिला मीच..."

"नाव नाही घ्याचं सर," मंदाबाई म्हणाल्या.

मग मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : दारात कुणी नव्हतं. बैठक संपली. ती सिस्टर डोळे पुसून दाराकडे निघून गेली.