काट्याचं फूल

पहिल्या निवडणुकीच्या वेळी मी महाळुंगे पडवळच्या शाळेत मास्तर होतो आणि मतदानाच्या कामावरही. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नव्हता. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चित्र. हव्या त्या पेटीत कागद टाकायचा.

आदल्या आठवड्यात चावडीसमोर मीच बोललो होतो, भावकी बघू नका, विचार करून मत द्या. माझं मत मात्र केव्हाच ठरलं होतं. नांगरवाल्या उमेदवाराने माझी बदली राजुरीला, माझ्या गावी, करून देण्याचा शब्द दिला होता.

दुपारी शाळेशेजारची म्हातारी आली. विधवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. केंद्रावरच्या साहेबांनी मला तिच्याबरोबर पडद्याआड पाठवलं.

"कोणत्या पेटीत, मावशी?"

"ते... काट्याचं फूल."

"नाव सांगा की."

"अवं गुरुजी, मालकाचं नाव हाय ते. कसं घिऊ?" ती पदराआड हसली. "जल्मात तोंडानं घेतलं न्हाई. आज हातानं तरी घेते."

म्हणजे गुलाब. गुलाबवाला उमेदवार गावात कुणाला माहीतही नव्हता.

रांगेतून एकजण ओरडला, "म्हातारे, मत देतीस का लगीन लावतीस?"

"तुजंच लावते, थांब मेल्या!"

मला वाटलं, हे काय मत द्यायचं कारण झालं? मी तिचा हात धरला आणि नांगराच्या पेटीवर नेला. कागद आत पडला.

"फुलातच ना?"

"फुलातच."

तेव्हा प्रत्येक पेटी वेगळी मोजत. नांगरवाला निवडून आला, आणि आमच्या गावची फुलाची पेटी रिकामी निघाल्याचंही कळलं. म्हातारी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, फुलाला एकबी न्हाई म्हनत्यात. मग माजं कुटं गेलं?"

मी फळा पुसत राहिलो. "मोजणीत चुकलं असेल."

"न्हाई वो, सायबलोक कसं चुकत्याल?" तिने आपला हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "माजाच हात चुकला आसंल. दिसत न्हाई ना."

तिचा हात चुकला नव्हता. तो माझ्या हातात होता. एवढंच सांगायचं होतं; तेव्हा वर्गात दुसरं कुणी नव्हतं, अडवणारंही कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "असेल, मावशी."