जुनें कडें काड, नव्याक घाल

सायकलचा पुढचा चिमटा बदलून आजवर कोणी मेलेलं नाही. हे वाक्य मी एका शनिवारी दुपारी, पेडण्याच्या आमच्या घरात, आई, बायको आणि मुलगी अशा तिघींसमोर मोठ्या आवाजात उच्चारलं. आवाज मोठा होता, कारण मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पल्लवी मैत्रिणींबरोबर सायकलने केरीच्या किनाऱ्यावर जाणार होती. तिच्या डोंगरी सायकलचा स्प्रिंगवाला चिमटा (म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारे ते दोन पाय) तेल गाळून गाळून मेला होता. पणजीहून नवा आणला. तो बसवणार आमचा नेहमीचा सायकलवाला इनास. आणि इनास नेमका तापाने फणफणलेला!

"म्हणजे मी नाही जायचं?" पल्लवीचा चेहरा एवढासा झाला.

अशा वेळी बापाच्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. माझ्या निघालं, "मी बसवतो!"

"अहो, मागे तुम्ही पंखा दुरुस्त केलात," माझी बायको शिल्पा म्हणाली. "तो अजून उलटा फिरतोय."

"वारा येतो ना?"

"येतो. छताला!"

मी इनासला फोन लावला. गिऱ्हाइकाला 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हणणारा तो खोकत खोकत म्हणाला, "पात्रांव, भियेनाका. सोपें आसा. पूण एक गजाल विसरूं नाका. जुनें कडें काड आनी नव्याक घाल! ना जाल्यार तोंड फुटतलें!" मग मोठी उबळ आली आणि फोन बंद.

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. तिथे वडिलांचं चांदीचं कडं होतं. जुनं! आता आमच्याकडे स्कूटरपासून खाणीच्या ट्रकापर्यंत काहीही दारात आलं, की अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घातल्याशिवाय त्याचं चाक हलत नाही. चिमट्याला कडं घालत असतील, मला काय ठाऊक! इनास ख्रिस्ती असूनही आपल्या रीती किती मनापासून पाळतो, या विचाराने मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

मी कामाला लागलो. ब्रेकची वायर सोडवली, ती सापासारखी उसळून कानाखाली बसली. हँडल काढलं. त्याबरोबर जुना चिमटा सटकन खाली आला तो माझ्या पायावर. हँडलच्या मानेतले बारीक पोलादी छर्रे कपाटाखाली पळाले. आई पोटावर झोपून एकेक छर्रा वेचत होती आणि प्रत्येकागणिक रवळनाथाला हाक मारत होती. अखेर छर्ऱ्यांसकट नवा चिमटा आत गेला. मी हातातलं कडं काढून, फाकवून, त्याच्या एका पायावर दाबून बसवलं. आईने हळदकुंकू लावलं, वळेसर बांधला. जमिनीवर एकही सुटा तुकडा उरला नाही, एवढ्यावरच मी फसलो.

हँडल मात्र खुळखुळत होतं.

"नवं आहे. रुळेल," मी म्हणालो.

"मग आधी तुम्ही चालवा," शिल्पा म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर माझं मी बघीन. पोरीला काही झालं तर तुमचं मी बघीन!"

देवळाकडच्या उतरणीच्या माथ्यावर मी सायकलवर बसलो. खाली वळण, वळणापलीकडे गवताची गंजी. सायकल निघाली. चिमट्यातून 'टक्' असा आवाज आला. मग 'टक् टक्'. मग मोजता येईना! हातातलं हँडल डावीकडे बघत होतं आणि चाक उजवीकडे. आणि एकदम मनात आलं, उद्या या जागेवर पल्लवी असती! मी डोळे मिटून दोन्ही ब्रेक आवळले.

सायकल थांबली. मी नाही थांबलो. मी गंजीत शिरलो तो थेट कमरेपर्यंत, डोक्याकडून.

पल्लवीने रडत रडत इनासला फोन केला. बिचारा कानटोपी घालून, शाल पांघरून, तापातच आला. त्याने हँडल एकदा हलवलं आणि ओरडला, "कडें खंय?"

"हे काय!" कपाळावर टेंगूळ घेऊन मी अभिमानाने वळेसर बाजूला केला.

इनास मटकन खाली बसला. मग उठून त्याने कोपऱ्यातला जुना चिमटा आणला. त्याच्या मुळाशी एक बारीक पोलादी कडी घट्ट बसलेली होती. "हें कडें, पात्रांव! छर्रे हाचेर बसतात! हें नाशिल्लें म्हूण तूं पडलो!"

"गप रे!" लेकाचा कैवार घेत आई कडाडली. "कडां होतां म्हणान वाचलो माझो झिल!"

दोघे माझ्याकडे पाहू लागले.

"दोघांचंही खरं आहे," शिल्पा म्हणाली. "खोटं एकच होतं. 'मी बसवतो'!"

इनासने दहा मिनिटांत ती कडी ठोकून नव्या चिमट्यावर चढवली. रविवारी पल्लवी केरीला जाऊन हसत परत आली. मी सकाळपासून फाटकात उभा होतो, ते कोणालाच सांगितलं नाही. चांदीचं कडं वाकडं झालंय, मनगटात जात नाही, म्हणून आईच्या हुकमाने ते अजून चिमट्यावरच आहे. आणि मला आता घरातल्या सायकलला हात लावायची परवानगी आहे. हवा भरण्यापुरती. तीही फक्त मागच्या चाकात.