शांत पोर

अहमदपूरच्या बसस्टँडमागं चांगुणाचं शिलाई मशीन चालतं. बाई तोंडानं फटकळ, गिऱ्हाईक वचकूनच असतं. पण "तुमची लुंबिनी किती शांत हाय" असं कुणी कौतुकानं म्हटलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाऊ नये?

तिची लेक लुंबिनी दोन वर्षांची असताना तापानं फणफणली. न्यूमोनिया निघाला, म्हणून नांदेडच्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवली. तोंडानं काही द्यायचं नाही, सगळी भिस्त ग्लुकोजच्या सलाईनवर. एका दुपारी ते सलाईनच बंद पडलं आणि रडून हैराण झालेली पोर एकाएकी गप्प झाली. चांगुणानं हात लावला तर अंग घामानं थबथबलेलं, मान लुळी. ती सिस्टरकडे धावली. सिस्टर म्हणाली, झोपलीय, झोपू द्या. भेटायला आलेल्या सिंधू नणंदेनंही तेच सांगितलं. झोपलेलं लेकरू उठवू नये, एवढं आपल्या लोकांना बरोबर पाठ! झटके आले तेव्हा कुठं कुणी रक्तातली साखर तपासली. ती पार तळाला गेली होती.

पोर वाचली. पण पुढं हिच्या बोलण्याकडे, शिकण्याकडे लक्ष ठेवा, असं घरी सोडताना एकानंही सांगितलं नाही. सांगायला काय जीभ झडली होती?

आता लुंबिनी तिसरीत आहे. जोडाक्षर दिसलं की अडखळते, सकाळचं संध्याकाळी विसरते. यंदा लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी चांगुणाला नीट समजावलं. इतक्या आजारात साखर एवढी उतरली तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण समोर बसवून पुन्हा पुन्हा शिकवलं तर फरक पडेल.

दुसऱ्याच दिवशी चांगुणा शाळेत हजर. सिद्रामप्पा गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. लुंबिनी तिथंच बसली होती, वही न उघडता.

"बसू द्या की तिथंच," गुरुजी म्हणाले. "शांत पोर हाय, तिचा काई तरास न्हाई."

चांगुणाचा आवाज चढला नाही. "एकदा ती अशीच शांत झाली व्हती, गुरुजी. झोपलीय म्हणून समद्यांनी सोडून दिली. आता म्या सोडू देणार न्हाई."

तिनं लेकीला हाताला धरून पहिल्या रांगेत आणलं, वही उघडून दिली आणि शेजारी सतरंजीवर मांडी ठोकली. गुरुजी घुटमळले. मग फळ्यावरचा शब्द त्यांनी लुंबिनीला वाचायला सांगितला. ती अडखळली. गुरुजी दुसऱ्या मुलाकडे वळणार, तोच त्यांना चांगुणाची नजर दिसली. त्यांनी तो शब्द लुंबिनीला स्वतः वाचून दाखवला आणि पुन्हा वाचायला सांगितला.