तीन सेकंदांचा भालेराव

किस्से साठायला पुष्कळ माणसं लागतात असं नाही. आमच्या नोएडाच्या कंपनीला एकटा भालेराव पुरला. सरकारी कचेऱ्यांना विकायला आम्ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बांधत होतो. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो तो कम्पायलर. त्याला ‘याच प्रोसेसरसाठी उतरव’ असं सांगता येतं. मग सिस्टिम त्या प्रोसेसरवर सुसाट पळते आणि जुन्यावर ढिम्म हलत नाही. भालेरावला त्यातलं फक्त ‘सुसाट’ ऐकू यायचं.

*

एकदा त्याने अख्खी सिस्टिम ऑफिसातल्या नव्या मशीनसाठी पुन्हा कम्पाइल केली. मधे वीज जायची, की पहिल्यापासून सुरुवात. चार दिवस गेले. मशीन सुरू व्हायला पन्नासऐवजी सत्तेचाळीस सेकंद लागू लागले.

मी विचारलं, “या तीन सेकंदांचं करणार काय?”

“साठवीन,” तो म्हणाला.

*

हीच सिस्टिम त्याने आमचे बॉस चड्ढासाहेब यांच्या जुन्या मशीनवर टाकली. ते सुरूच होईना. पत्त्यांचा खेळ बंद पडल्यावर साहेब केबिनबाहेर आले आणि दोन दिवस प्रत्येकाच्या मागे उभे राहून काम बघत बसले. तिसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसने भालेरावला हात जोडले, की बाबा, आधी त्यांचं मशीन चालू कर!

*

फ्लॉपी नीट फिरू लागेपर्यंत थांबावं, म्हणून मी प्रोग्राममध्ये मुद्दाम एक रिकामी फेरी घातली होती. नुसतं मोजायचं, करायचं काही नाही. प्रोग्राम आणखी वेगाने पळावा म्हणून भालेरावने कम्पायलरचा जोर वाढवला आणि कम्पायलरने ती निरुपयोगी समजून काढून टाकली. फ्लॉपी वाचता येईना. मी भडकलो, म्हटलं, तुझा कम्पायलर काही न करणाऱ्यांना हाकलतो!

मागून चड्ढासाहेब शांतपणे म्हणाले, “ये पूरे ऑफिस पे चला सकते हैं?”

*

करोल बागेतून त्याने स्कूटरचा सायलेन्सर आणला. तो नव्या मॉडेलचा निघाला, याच्या स्कूटरला बसेना. दुकानदाराशी हा तावातावाने भांडला, की सगळ्यांना बसेल असा का ठेवत नाही? मी बाजूला उभा होतो. यार, इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

*

आता दिल्लीतल्या आर. के. पुरमचा किस्सा. तिथल्या सरकारी कचेरीला आमची सिस्टिम आवडली, तर साठ नव्या मशीन्सची ऑर्डर आमचीच होती. ऑर्डर आली तर भालेरावची नोकरी पक्की, नाहीतर गाझियाबादला घरी. चड्ढासाहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. दाखवायचं होतं कचेरीच्याच जुन्या मशीनवर; त्यावर चालेल ना, असंही विचारलं होतं. “बिल्कुल, सर,” भालेराव म्हणाला. पण तीन सेकंदांचा मोह सुटला नव्हता.

सकाळी तिथल्या जुन्या मशीनवर डिस्क लावली. काळा पडदा. भालेरावचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. अधिकारी दुपारी येणार होते. आम्ही ऑटोने नोएडाला गेलो, आमचं नवं मशीन मांडीवर घेऊन परतलो, ते टेबलाखाली ठेवलं आणि त्यांचा मॉनिटर त्याला जोडला. वरून हिरवं टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत.

अधिकारी आले. सिस्टिम सत्तेचाळीस सेकंदांत सुरू झाली. पत्र उघडलं, छापलं, सगळं झटपट. ते खूश झाले. चड्ढासाहेबांनी भालेरावच्या पाठीवर हात ठेवला.

“कमाल है,” अधिकारी म्हणाले, “हमारी पुरानी मशीन पर इतना तेज़!” आणि बाबूकडे वळले, “नई मशीनों वाली फाइल बंद कर दीजिए.”