मांजलपुरातला समुद्र

विश्वंभर गुप्ते यांच्या घरी रविवारी सकाळी खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल विचारायला जो कोणी येई, त्याला चहाबरोबर आधी नकार मिळे. "मासे कधी आणू?" असं विचारलं की ते म्हणत, "आत्ता नको."

"मग काय करू?"

"पाणी करा, दगड ठेवा आणि बघत बसा."

"किती दिवस?"

"कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की अजून थोडे दिवस."

माणूस खडूस आहे, असं मत घेऊन बरेच जण परत जात. ते मत अगदीच चुकीचं नव्हतं. विश्वंभरांचा सगळा जन्म रिफायनरीत मापकांच्या काट्यांकडे बघण्यात गेला होता. काटा हलला तर तो का हलला हे कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. निवृत्तीनंतर तीच शिस्त त्यांनी मांजलपूरच्या फ्लॅटमधल्या काचेच्या टँकला लावली. बडोद्याला समुद्र नाही, आणि जवळचा म्हणावा तो खंभातचा, तर गढूळ. तेव्हा आरओच्या पाण्यात पाकिटातलं समुद्री मीठ विरघळवून त्यांनी समुद्र घरीच केला होता. त्यात दगडांवर प्रवाळ वाढवले होते. अंगठ्याएवढा आणलेला एक हिरवा प्रवाळ आता चांगला फुलकोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता, आणि विश्वंभर त्याच्याविषयी बोलताना आवाज जरा खाली आणत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नव्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव हळूहळू वाढतात. माशांची घाण तेच पचवतात. ते वाढायच्या आत मासे सोडले की मासे स्वतःच्याच घाणीत मरतात. हे ऐकून सगळे माना डोलवत आणि घरी जाऊन नेमकं उलटं करत.

लहरीपुऱ्यात साड्यांचं दुकान असलेले उदयसिंहराव त्यातलेच. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती आणि पाहुणे यायच्या आत त्यांना ईशान्य कोपऱ्यात समुद्र हवा होता. "वांधा नाही, गुप्तेकाका," ते म्हणाले, "तिथलच्या किनाऱ्यावरून समुद्राच्याच पाण्याचे कॅन भरून आणलेत. असली माल! त्यात मासे कशाला मरतील?" विश्वंभरांनी किनाऱ्यावरच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगितलं, थांबायला सांगितलं, शेवटी हात जोडले. उदयसिंहरावांनी मासे सोडलेच. पाहुण्यांचं श्रीखंड पचायच्या आत ते उलटे तरंगायला लागले. तेव्हापासून "घाई करणाऱ्याने गोल्डफिशसुद्धा पाळू नये" हे वाक्य विश्वंभर दर रविवारी एकदा तरी म्हणत, आणि उदयसिंहराव समोर असले तर दोनदा.

या घरात त्या वर्षी उन्हाळ्यात लक्ष्मणराव राहायला आले. लक्ष्मणराव म्हणजे विश्वंभरांचे सासरे. हर्णैच्या बंदरावर कस्टमच्या ठाण्यात कारकुनी करून तिथेच म्हातारे झालेले. बायको गेल्यावर ते एकटेच राहत होते. अंगणात पडले ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सापडले, तेव्हा निरुपमा जाऊन त्यांना घेऊन आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी. "दिवाळीपर्यंत राहतो," असं ते दारातच म्हणाले. त्यांनी बॅग पलंगाखाली ठेवली, पण रिकामी केली नाही. रोजचे कपडे ते तिच्यातूनच काढत आणि धुऊन वाळले की घडी करून तिच्यातच ठेवत. जावयाच्या घरी राहायचं याची त्यांना लाज वाटत होती. पोळी दुसऱ्यांदा मागत नसत. पंखा वाढवायचा असला तरी उकडत बसत.

"अण्णा परत गेले तर मी जिवंत असून मेल्यासारखी," निरुपमा नवऱ्याला म्हणाली. "या वेळी पडले तर दुसऱ्या दिवशीसुद्धा कोणाला कळणार नाही."

विश्वंभर हो म्हणाले. सासऱ्यांशी काय बोलावं हे त्यांना लग्नाच्या दिवसापासून समजलेलं नव्हतं.

समजलं ते टँकमुळे. बडोदे दाखवायला म्हणून निरुपमाने वडिलांना सूरसागरावर नेलं होतं, तर ते "तळं आहे" म्हणून परत आले. पण टँकसमोरची खुर्ची त्यांनी धरली ती सोडली नाही. सकाळी दिवे लागले की प्रवाळ उमलत, संध्याकाळी मिटत, आणि लक्ष्मणराव मधल्या वेळात पेपर घेऊन बसत. काही दिवसांनी विश्वंभरांनी त्यांना एक काम दिलं. टँकमधलं पाणी रोज थोडं उडून जातं, ते वरून भरायचं. "खारं नाही घालायचं, अण्णा. साधं आरओचं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं."

"मिठागरात तेच करतात," लक्ष्मणराव म्हणाले.

एवढ्या वर्षांत जावयाला आवडेल असं ते पहिलंच वाक्य बोलले असतील. त्यानंतर ते रोज प्लॅस्टिकच्या मापाने पाणी घालत, आणि एक थेंब बाहेर सांडू देत नसत. निरुपमा स्वयंपाकघराच्या दारातून बघे आणि मनाशी म्हणे, दिवाळी जाऊ दे, होळीही इथेच होईल.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी लक्ष्मणराव आंघोळ करून, धोतर नेसून टँकसमोर उभे राहिले. त्यांना समुद्राची पूजा करायची होती. विश्वंभर जरा गांगरले, पण निरुपमाने डोळे वटारले तेव्हा त्यांनी परवानगी दिली. काचेला बाहेरून हळद-कुंकू, झाकणावर फुलं, समोर पाटावर नारळ. पाण्यात एक थेंबसुद्धा पडता कामा नये, ही अट. लक्ष्मणरावांनी सगळं मान्य केलं. विश्वंभर मग प्रसादाच्या नारळीभाताकडे गेले.

पंधरवडाभरात टँकमधल्या गोगलगायी तळाशी पडलेल्या दिसू लागल्या. मग कोळंबी गेली. मग प्रवाळ उमलेनात. मासे मात्र मजेत हिंडत होते, आणि हेच विश्वंभरांना छळत होतं. त्यांनी पाणी तपासलं, मिठाची पाकिटं तपासली, आरओची जाळी बदलली. फरशी पुसायच्या फिनेलवर संशय घेतला. दिवाणखान्यात उदबत्ती बंद केली. पुन्हा पुन्हा थोडं थोडं पाणी बदललं. दोन दिवस बरं वाटे, की परत तेच. तो हिरवा प्रवाळ कडेकडेने पांढरा पडत गेला. लक्ष्मणराव खुर्चीवरून बघत. एकदा ते म्हणाले, "विश्वंभरराव, माझ्या पाणी घालण्यात काही चुकत असेल का?"

"छे, तुमचं काही नाही," विश्वंभर म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

शेवटी, काहीच उरलं नाही म्हणून, त्यांनी पाण्यात तांबं आहे का ते पाहिलं. घरातले नळ प्लॅस्टिकचे, तेव्हा तांबं येणार कुठून? पण तपासणीच्या नळीतलं पाणी निळं झालं. तांब्याने माशांचं लगेच काही बिघडत नाही, मात्र गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ त्याने हटकून मरतात. लक्ष्मणराव दुपारी झोपलेले असताना विश्वंभरांनी एकेक दगड उचलला. मागच्या कोपऱ्यात वाळूत अर्धवट रुतलेला, हिरवा गंज चढलेला एक जुना, तांब्याचा ढब्बू पैसा चिमट्याला लागला.

त्यांनी तो निरुपमाच्या पुढे धरला. तिने कपाळाला हात लावला. "अण्णांचा आहे. आईच्या डब्यातले आहेत त्यांच्याकडे. दर नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ आणि एक ढब्बू पैसा टाकतात."

"मी सांगितलं होतं, थेंबसुद्धा नको!"

"त्यांना वाटलं असेल, तांब्याने पाणी उलट शुद्ध होतं. जन्मभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात ते." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगणार?"

विश्वंभरांना राग आला होता. खरं सांगायचं तर फार राग आला होता. अंगठ्याएवढा होता तेव्हापासून वाढवलेला जीव एका गंजक्या पैशाने मारला होता, आणि ज्याने मारला तो पलीकडच्या खोलीत निवांत घोरत होता.

"सांगितलंत तर उद्याच्या गाडीने जातील," निरुपमा म्हणाली. "मग मी काही केलं तरी थांबायचे नाहीत."

विश्वंभरांनी पैसा खिशात टाकला आणि गच्चीवर निघून गेले. खाली आले तेव्हा त्यांनी टँकमधलं निम्मं पाणी काढायला घेतलं. कोणाला काही सांगितलं नाही.

पण बडोद्यात टँकवाल्यांचं जग लहान. गुप्तेकाकांचा टँक गेला ही बातमी पसरली आणि त्या रविवारी उदयसिंहराव मुद्दाम लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा तो गोडसर हिरवा चिवडा, घेऊन आले. दुःखात सहभागी व्हायला आल्यासारखा चेहरा केला होता, पण तो नीट जमला नव्हता. लक्ष्मणराव नेहमीच्या खुर्चीवर पेपर उघडून बसले होते.

"पण झालं काय, काका? तुम्ही तर फूंक मारून मारून पाऊल टाकणारे!"

विश्वंभरांनी एकदा सासऱ्यांच्या पेपराकडे पाहिलं. "माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते," ते म्हणाले. "मी तांब्याचं औषध घातलं. वेगळ्या टाकीत घालायचं असतं, मी ह्यातच घातलं. घाई झाली."

उदयसिंहरावांना हसू आवरेना. "घाई! तुम्ही? काका, हे तर पहिल्या महिन्यातला शिकाऊ पण नाही करत!" ते पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बडोद्याला सांगणार हे उघडच होतं. विश्वंभर चिवडा चावत बसले. इतका कडू लीलो चिवडो त्यांनी आयुष्यात खाल्ला नव्हता.

लक्ष्मणरावांनी पेपराचं पान उलटलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काचेसमोर बसणाऱ्या माणसाला माशांच्या अंगावर ठिपके होते की नव्हते हे चांगलं ठाऊक होतं, ही गोष्ट विश्वंभरांच्या फार उशिरा लक्षात आली. उदयसिंहराव गेल्यावर ते काहीतरी बोलायला वळले, तर खुर्ची रिकामी होती.

पुढच्या रविवारी सकाळी निरुपमा घाबरीघुबरी होऊन स्वयंपाकघरात आली. "बॅग पलंगावर आहे. बंद केलेली. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत." ती ओट्याला टेकून रडायला लागली. विश्वंभरांना आत जाऊन बोलावंसं वाटलं, पण काय बोलावं ते सुचेना. खोटं बोलून झालं होतं, आणि खरं आता बोलून उपयोग नव्हता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

कारेलीबागेतली नयना नावाची मुलगी होती. फिजिओथेरपिस्ट. नुकतंच लग्न झालेलं, सासरचं घर मोठं, आणि तिला खाऱ्या पाण्याचा टँक करायचा होता. आज येणार असं तिने आधीच ठरवलं होतं, ते विश्वंभर विसरून गेले होते. त्यांनी तिला निम्म्या रिकाम्या टँकसमोर बसवलं. दोन मासे आणि पांढरे दगड बघून ती जरा गोंधळली.

"काका, मी सुरुवात कशी करू?"

विश्वंभरांनी घसा साफ केला. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि लक्ष्मणराव बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. बॅग त्यांनी टँकशेजारी जमिनीवर ठेवली आणि आपल्या खुर्चीवर बसले.

"हे माझे सासरे," विश्वंभर म्हणाले.

"सुरुवात म्हणजे," लक्ष्मणराव नयनाला म्हणाले, "यांचं ऐकायचं. पाणी करायचं, दगड ठेवायचे, थांबायचं. मासे नंतर. रोज उडेल तेवढं साधं पाणी भरायचं, खारं नाही. आणि तांबं आसपास फिरकू द्यायचं नाही. भांडं नाही, औषध नाही, पैसा नाही. पाणी शुद्ध होतं वगैरे आपल्या पिण्यापुरतं. या जिवांना ते विष आहे."

नयना मान डोलवत होती. विश्वंभर काचेकडे बघत होते.

"घरात म्हातारं माणूस आहे का तुमच्या?"

"आहेत ना. आजेसासूबाई."

"मग त्यांना पहिल्या दिवशी सांगून ठेवा. चुकल्या तरी सांगा, तोंडावर सांगा. त्यांच्यापासून लपवून दुसऱ्याने दोष अंगावर घेऊ नये. म्हाताऱ्या माणसाला ते कळतं, मुली, आणि मग त्याला घरात बसवत नाही."

निरुपमा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. विश्वंभरांनी खिशात हात घातला. तो ढब्बू पैसा अजून तिथेच होता. त्यांनी तो काढून सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"अण्णा, तुमच्यामुळे गेला माझा प्रवाळ," ते म्हणाले. "मला फार राग आला होता तुमचा."

"येणारच," लक्ष्मणराव म्हणाले, आणि त्यांनी पैसा मुठीत घट्ट धरला.

नयनाला नीटसं काही कळलं नाही. शहाणी होती, चहा पिऊन उठली. "काका, पुन्हा कधी येऊ पाणी दाखवायला?"

विश्वंभरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. लक्ष्मणरावांनी पायाने बॅग खुर्चीखाली सरकवली.

"दगड ठेवलेत की या," ते म्हणाले. "केव्हाही या. मी इथेच असतो."