भिवाआप्पा आणि रुळावरची गाडी

भिवाआप्पांच्या गाडीत बसलं की पहिला मैलभर कुणी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. शिरूरच्या स्टँडबाहेर त्यांची जुनी, पेट्रोलवर चालणारी पांढरी मोटार भाड्यासाठी उभी असे. निघताना आप्पा मागं वळून म्हणत, "आता गप बसा. गाडी काय म्हंती ते ऐकू द्या." मग मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत. निम्मं आयुष्य त्यांनी मेंढरं राखली होती. "मेंढरू आजारी पडायच्या आदी खोकतं, इंजिनबी तसंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बहुतेक वेळा ते खरं ठरे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यात माझ्या आईचा पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. तिला दौंडला मावशीकडं पोचवायचं होतं. आप्पांनी मागच्या सीटवर गोधडी अंथरून तिला पाय लांब करून बसवलं. मी पुढं बसलो; मी शाळेत शिकवायचो, म्हणून आप्पा मला मास्तर म्हणत. मैल संपला तशी आईनं कुणाच्या तरी सोयरिकीची गोष्ट काढली आणि आप्पाही रंगले. वाटेत गाडीनं दोनदा आचका दिला. आप्पांची मान तिरकी झाली. पण गोष्ट ऐन भरात होती.

दौंडच्या अलीकडं रेल्वेचा रूळ लागला. तिथं तेव्हा फाटक नव्हतं, नुसती पाटी होती. आप्पांनी थांबून दोन्हीकडं पाहिलं आणि गाडी घातली. पुढची चाकं रूळ ओलांडतायत तोच इंजिन बंद पडलं. सगळं एकदम चिडीचूप झालं, आणि वळणाआडून भोंगा ऐकू आला.

"मास्तर, उतरा. आक्कांना खाली घ्या."

मी मागचं दार उघडून आईला काखेत धरून ओढलं. प्लास्टरचा पाय पुढच्या सीटखाली अडकला. आई किंचाळली. तेवढ्यात वळणावर रेल्वेचं इंजिन दिसलं. पुढचं सांगायला मला आजही लाज वाटते. माझे पाय आपोआप मागं सरले. मी रुळांबाहेर उभा होतो आणि आई आत होती.

आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लचवरचा पाय काढला आणि चावी फिरवून धरली. इंजिन मेलेलंच होतं. पण नुसत्या बॅटरीच्या जोरावर गाडीनं हिसका दिला, हातभर पुढं सरकली. पुन्हा हिसका. पुन्हा हातभर. आणि त्या गोंधळात मला आप्पांचा आवाज ऐकू आला, रोजच्यासारखाच:

"मग आक्का, त्या सोयरिकीचं पुढं काय झालं?"

"मोडली की!" आई रडत रडत म्हणाली.

मागची चाकं रुळावरून उतरली. मी चार श्वास घेतले असतील नसतील, आमच्या मधून रेल्वे धडधडत गेली. शेवटचा डबा सरला तेव्हा पलीकडं आप्पा बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला टॉवेल टाकत होते. "उन्हानं पेट्रोल तापून त्याची वाफ झाली व्हती, म्हून बंद पडली," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन त्यांनी आईच्या प्लास्टरला हात लावला. "आक्का, चूक माझी. गाडीनं दोनदा सांगितलं, म्या ऐकलं न्हाई."

मी रूळ ओलांडून मान खाली घालून त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

"बरं झालं तुम्ही उतरला, मास्तर. गाडी हलकी झाली."

एवढंच. या प्रसंगातला माझा भाग त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितला नाही; स्वतःची चूक मात्र शिरूरभर सांगितली.

त्या दिवसापासून आप्पा त्या रुळाशी गाडी थांबवून सगळ्यांना उतरवू लागले. माणसं चालत पलीकडं जायची, मग आप्पा रिकामी गाडी घेऊन यायचे. एकदा त्यांनी बाशिंग बांधलेल्या नवरदेवालाही चालायला लावलं. लोक हसायचे. पुढं त्यांनी कोरी करकरीत डिझेलची गाडी घेतली, तरी रीत तीच. न राहवून मी एकदा म्हणालो, "आप्पा, आता कशाला? ही गाडी थोडीच बंद पडणार आहे?"

दार उघडून धरत आप्पा म्हणाले, "गाडी नवी हाय, मास्तर. डायवर त्योच हाय."